दुसरी चावी कुठे आहे, ताई?

वाचकाचं पत्र:

"नागपुरात मानेवाडा रोडच्या मागे एका लेआउटमध्ये आमचं घर आहे. मी शाळेत शिकवते. यजमान चंद्रपूरला नोकरीला आहेत, शनिवारी रात्री येतात. घरी सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. कंपाउंडात दोन दुचाक्याच मावतात, म्हणून आमची २०१७ ची पेट्रोलवरची छोटी कार घरासमोर रस्त्यावरच उभी असते. पंधरा दिवसांपूर्वी दोन घरं सोडून एका काकांची कार रात्री एक ते चारच्या मधात गेली. कोणालाच चाहूल लागली नाही, सगळ्यांचे कूलर सुरू होते. तेव्हापासून मी रात्री तीन-तीनदा उठून खिडकीतून बघते. सासूबाईंनी तर कारला लागून खाटच टाकली आहे, ऐकायला तयार नाहीत. मुलगा म्हणतो, जीपीएस लावला की झालं. यजमान म्हणतात, इन्शुरन्स आहे ना, मग कशाला काळजी? आमच्याकडे चावीही एकच आहे, दुसरी चार वर्षांपूर्वी कुठेतरी हरवली. आठ-दहा हजारांपर्यंत खर्च करता येईल. नेमकं काय करू?"

ताई,

आधी सासूबाईंची खाट आत घ्या, आज रात्रीच. माझं पुढचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल. कार न्यायला येणारी माणसं सहसा एकटी येत नाहीत. एक जण कारपाशी असतो, दुसरा चौकात गाडी सुरू ठेवून उभा असतो, आणि हातात निदान लोखंडी टॉमी तरी असते. त्या माणसासमोर तुमच्या सासूबाई अंधारात उठून उभ्या राहिल्या तर काय होईल, हे मला लिहूनही दाखवायचं नाही. त्यांना सांगा, आई, कार गेली तर दुसरी येईल. तुम्हीही लक्षात ठेवा: रात्री आवाज आलाच तर घरातले सगळे दिवे लावायचे, आतूनच जोरात ओरडायचं आणि ११२ ला फोन करायचा. दार उघडायचं नाही. मुलालाही उघडू द्यायचं नाही.

आता कारकडे वळते. तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलंत की दुसरी चावी चार वर्षांपूर्वी हरवली. ते वाचून मी थांबले. जीपीएस, इन्शुरन्स, खाट या सगळ्यांआधी मला त्या चावीबद्दल बोलायचं आहे.

मी बावीस वर्षं एका विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर काढली. चोरीची फाइल आली की सगळ्यात आधी दोन्ही चाव्या मागवायच्या, हा नियम. एकदा वर्ध्याचे एक गृहस्थ आले. खाकी पाकिटातून त्यांनी दोन चाव्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. एकीवरचं बटणाचं चित्र पार पुसून गेलेलं, कडा गुळगुळीत झालेल्या. दुसरी कोरी करकरीत, तिच्या पात्यावर मशीनचे बारीक ओरखडे अजून चमकत होते. पाहणीला आलेल्या तपासनिसाने ती उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "ही केव्हा बनवली जी?" गृहस्थ गप्प. मूळ चावी प्रवासात हरवली होती, रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून नवी करून घेतली होती, आणि हे कुठे सांगायला हवं हे त्यांना माहीतच नव्हतं. पुढे संशय असा घेतला गेला की मूळ चावी कोणाला तरी दिली असेल, कार विकून टाकली असेल. माणूस खरा होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण चेहरा फाइलला लावता येत नाही. त्यांना ग्राहक आयोगात जावं लागलं आणि त्यात वर्षाहून जास्त काळ गेला. ती फाइल शेरा मारून पुढे पाठवणारी मीच होते. ते मला अजून आठवतं, म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहाने सांगते आहे.

चावी हरवल्याचं दुसरं नुकसान थेट आहे. ती कोणाला सापडली? गॅरेजमध्ये राहिली, की सर्व्हिसिंगच्या दिवशी कोणाच्या खिशात गेली? तुमची कार ओळखणाऱ्याच्या हातात ती असेल तर काच फोडायलाही नको, कूलरच्या आवाजाचीही गरज नाही. तो येईल, दार उघडेल आणि निघेल. बघणाऱ्याला वाटेल, घरचंच कोणी आहे.

म्हणून सगळ्यात आधी हे करा. पोलिसांकडे चावी हरवल्याची नोंद करून पावती घ्या. उशिरा का होईना, पण नोंद हवीच, आणि तारीख खरी लिहा. मग तुमच्या कारच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा. २०१७ च्या बहुतेक कारमध्ये इमोबिलायझर असतो. म्हणजे चावीच्या डोक्यात एक चिप असते आणि इंजिनाचा संगणक ती ओळखीची असेल तरच इंजिन चालू ठेवतो. तुमच्यात आहे का, हे विचारून खात्री करा. असेल तर दोन गोष्टी सांगायच्या: नवी चिपवाली चावी बनवून द्या, आणि हरवलेली चावी संगणकाच्या यादीतून काढून टाका. हे दुसरं काम लोक सांगायचं विसरतात, आणि सेंटरवाले आपणहून करतीलच असं नाही. यादी पुसून पुन्हा भरायची असते, त्यामुळे घरात असलेली चावीही सोबत न्यावी लागते. हे झालं की हरवलेल्या चावीने दार उघडेल, पण इंजिन चालणार नाही. नंतर विमा कंपनीला दोन ओळींचा ईमेल पाठवा की अमुक चावी हरवली, अमुक तारखेला नवी बनवली, बिल जोडलं आहे. तो ईमेल जपून ठेवा. तुमच्या दहा हजारांतला मोठा भाग यात जाईल आणि तो जाऊ द्या.

घरात चावी कुठे ठेवता तेही बघा. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी दाराजवळ भिंतीला खिळा किंवा लाकडी की-होल्डर असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की कूलरची हवा खेळावी म्हणून समोरची खिडकी रात्रभर उघडी ठेवावी लागते. त्या खिडकीतून काठी आत घालून खिळ्यावरची चावी ओढणं कठीण नाही. चावी आतल्या खोलीत, कपाटात ठेवा. गाडी धुवायला देताना, हॉटेलात पार्किंगवाल्याला देताना फक्त कारची चावी द्या, घराच्या चाव्यांचा जुडगा नको. कारचं मूळ आरसीबुक कारमध्ये ठेवत असाल तर काढून घ्या, डिजीलॉकरमधलं आरसी कायद्याने चालतं. मूळ आरसीबुकात तुमच्या घराचा पत्ता असतो.

आणि एक सवय तर मला डोळ्यांसमोर दिसते. उन्हाळ्यात सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यासमोर कार थांबते, आत एसी सुरू राहावा म्हणून इंजिन चालूच, चावी लावलेली, आणि सगळं कुटुंब बाहेर प्लेट घेऊन उभं. अशी कार गेली तर विमा कंपनी निष्काळजीपणाचा मुद्दा काढणारच. दोन मिनिटांसाठी उतरलात तरी चावी हातात हवी.

आता मुलाच्या जीपीएसबद्दल. त्याचं म्हणणं चूक नाही, पण अर्धंच आहे. जीपीएस चोराला थांबवत नाही, चोरीनंतर कार कुठे आहे ते सांगतो. तेही त्यातलं सिम रिचार्ज केलेलं असेल, यंत्राला स्वतःची छोटी बॅटरी असेल, आणि चोरापाशी सिग्नल अडवणारं यंत्र नसेल तर. घ्यायचाच असेल तर डॅशबोर्डवर चिकटवायचा नको, वायरिंगला जोडून आत लपवलेला घ्या. इंजिन सुरू होताच फोन वाजेल अशी सूचना लावा, आणि ती सूचना मुलाच्या फोनवर रात्रीही वाजती ठेवा. रात्री फोन सायलेंट करून झोपणाऱ्याला सकाळी सहा वाजता कळतं की कार सव्वादोनला निघाली.

नागपुरात हा वेळ फार महत्त्वाचा आहे. आपलं शहर देशाच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्गांच्या छेदावर बसलं आहे. जबलपूरकडे निघालं की देवलापार ओलांडलं आणि मध्य प्रदेश आला. सावनेरवरून छिंदवाड्याकडेही तसंच. भंडारा, साकोली, देवरी करत छत्तीसगड, आणि हिंगणघाट, पांढरकवडा करत तेलंगण. रात्री रस्ते मोकळे असतात. पहाटे उठून कळलं तोवर कार दुसऱ्या राज्यात असू शकते. म्हणून जीपीएसवर कार हलताना दिसली तर त्याच क्षणी ११२ ला फोन करून चालू ठिकाण सांगत राहायचं. मुलाने मित्राला घेऊन पाठलाग करायचा नाही. चालत्या गाडीचं इंजिन मोबाइलवरून बंद करायची सोय काही यंत्रांत असते, तीही आपल्या मनाने वापरायची नाही. महामार्गावर मागून ट्रक येत असतो.

फास्टॅग मात्र अशा वेळी फुकटचा साक्षीदार ठरू शकतो. कार टोलनाक्यावरून गेली की पैसे कापल्याचा संदेश येतो, त्यात नाक्याचं नाव आणि वेळ असते. चोर हुशार असेल तर स्टिकर आधीच काढून टाकेल, पण सगळेच इतके हुशार नसतात. तुमच्या फास्टॅगला कोणाचा नंबर जोडलेला आहे? यजमानांचा असेल तर तो संदेश रात्री चंद्रपूरला जाईल आणि ते झोपेत असतील. चोरी कळल्यावर घाईने फास्टॅग बंद करू नका, आधी पोलिसांना सांगा. परिवहनच्या नोंदीतला मोबाइल नंबरही चालू आहे ना, ते बघा. ई-चलन त्यावरच येतं.

कार जागेवरून हलूच नये यासाठी मात्र साध्या लोखंडावर माझा जास्त विश्वास आहे. स्टिअरिंगला आडवा लावायचा भडक रंगाचा दांडा हजार-दीड हजारापासून मिळतो. तो कापता येतो, हे खरं आहे. स्टिअरिंगचं चाक हेक्सा ब्लेडने कापून दांडा बाजूला काढणारे असतात. गिअर लॉक त्याहून भक्कम, कारण तो कारच्या तळाला बोल्टने घट्ट बसतो. तरी तुमच्यासाठी मी दांडाच आधी सुचवीन. तुमची कार रस्त्यावर उभी असते, आणि दांडा बाहेरून, काचेतून दिसतो. चोराला पाहिजे असतात दोन-तीन शांत मिनिटं. दांडा दिसला की त्याला हिशेब करावा लागतो. गिअर लॉक दिसेपर्यंत त्याने काच फोडलेली असते. पैसे उरले तर पुढच्या महिन्यात गिअर लॉकही बसवा. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने, म्हणजे एआरएआयने, मान्य केलेलं चोरीरोधक यंत्र बसवलं तर विम्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट देण्याची पद्धत आहे. यंत्राचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि नूतनीकरणाच्या वेळी विचारा. रक्कम लहान आहे, पण कारला असं यंत्र बसवलं आहे हे कंपनीच्या कागदावर येतं, ते जास्त कामाचं.

दिवाळीत किंवा उन्हाळ्यात गावाला जाता तेव्हा एक युक्ती करता येते. बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डच्या खाली फ्यूजची पेटी असते. तिच्यातला इंधन पंपाचा रिले कोणता, हे सर्व्हिसच्या दिवशी मेकॅनिककडून दाखवून घ्या. जाताना तो काढून पर्समध्ये टाका. पंपच चालला नाही तर इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. लपवलेलं बटण बसवून हीच गोष्ट कायमची करणारे इलेक्ट्रिशियन आहेत. पण त्यासाठी वायर कापाव्या लागतात, जोड सैल राहिला तर आगीची भीती, आणि बटण कुठे आहे हे त्या इलेक्ट्रिशियनलाही माहीत असतं. रिले काढण्यात ही भानगड नाही.

उभी करण्याच्या जागेबद्दल थोडंसं. कार कंपाउंडच्या भिंतीला अगदी खेटून, पुढची चाकं भिंतीकडे वळवून लावा आणि मागे दुचाकी आडवी लावून तिला साखळी घाला. समोरचा पथदिवा बंद असेल तर मनपाकडे तक्रार करून चालू करून घ्या. कॅमेरा लावला तर तो नंबर प्लेटच्या उंचीकडे रोखलेला हवा. छतावरून लावलेल्या कॅमेऱ्यात रात्री फक्त डोकी आणि हेडलाइटचा झगमगाट दिसतो. आणि त्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. काकांकडे गेलात तर त्यांना सांगा की आसपासच्या कॅमेऱ्यांतलं त्या रात्रीचं रेकॉर्डिंग काढलं नसेल तर आज काढा.

तुमची कार १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली नसेल तर बसवून घ्या. तिचं कुलूप तोडल्याशिवाय प्लेट निघत नाही आणि तुटलेलं कुलूप पुन्हा लागत नाही. चोर प्लेट बदलतोच, पण त्याला एक काम वाढतं.

ज्यांच्या घरी बटण दाबून सुरू होणारी कार आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. अशा कारच्या रिमोटचा सिग्नल घराबाहेरून पकडून कारपर्यंत पोचवणारी यंत्रं चोरांकडे असतात. रिमोट दारापासून दूर, सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात ठेवा. स्टीलच्या डब्यात ठेवणार असाल तर आधी डबा बंद करून कारपाशी उभे राहा आणि दार उघडतं का बघा. काही डब्यांतून सिग्नल आरपार जातो. स्टिअरिंगच्या खाली मेकॅनिक ज्याला आपलं यंत्र जोडतो, त्या ओबीडीच्या खाचेतून नवी चावीही शिकवता येते. त्या खाचेला कुलूप मिळतं.

यजमानांना माझ्या वतीने एक प्रश्न विचारा. विमा कोणता आहे? कार पाच-सात वर्षांची झाली की पुष्कळ जण फक्त थर्ड पार्टी भरतात, कारण तो स्वस्त पडतो आणि कायद्याला तेवढा पुरतो. चोरी झाली तर थर्ड पार्टीतून एक रुपया मिळत नाही. पॉलिसीच्या कागदावर स्वतःच्या नुकसानीचा भाग आहे का, आणि आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली कारची किंमत, किती लिहिली आहे, हे दोन बघा. पूर्ण चोरीत मिळायची ती रक्कम आयडीव्हीच. प्रीमियम चारशे-पाचशेनं कमी व्हावा म्हणून ती खाली आणलेली मी शेकडो फाइलींत पाहिली आहे.

आणि कार गेलीच तर? आधी शेजारी आणि वाहतूक पोलिसांकडे विचारा, टोचन करून नेली नाही ना. नसेल तर लगेच एफआयआर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, ऑनलाइन तक्रारही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तरी मी म्हणेन, स्वतः ठाण्यात जा आणि प्रत घेऊनच निघा. चासी नंबर, इंजिन नंबर, डाव्या दारावरचा ओरखडा, सगळं लिहून द्या. चासी नंबरचा फोटो आत्ताच काढून फोनमध्ये ठेवा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. पोलिसांत वेळेवर गेलात आणि कंपनीला कळवायला थोडा उशीर झाला, तर तेवढ्याच कारणावर खरा दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. पण त्यावर विसंबू नका. आरटीओलाही पत्र द्या. कार सापडली नाही तर पोलिसांचा अंतिम अहवाल, आपल्याकडे ज्याला 'अ समरी' म्हणतात, तो मिळेपर्यंत क्लेम थांबतो. त्यात महिने जातात. काकांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते रोज ठाण्यात जाऊन थकणार नाहीत, पण पाठपुरावाही सोडणार नाहीत.

शनिवारी यजमान आले की दोघं मिळून एकदा घर शोधा. देवघराच्या खालचा खण, जुन्या पर्सेस, शोकेसमधली वाटी, कार घेतली तेव्हाचं शोरूमचं पाकीट. हरवलेल्या चाव्या घरातच सापडल्याचं मी पुष्कळदा ऐकलं आहे. सापडली तर तुमचे काही हजार वाचतील, आणि त्यांतून गिअर लॉक याच महिन्यात येईल. तिच्यावर घराचा पत्ता नसलेली चिठ्ठी लावा आणि लॉकरमध्ये ठेवा. नाही सापडली तर सोमवारी शाळेला जायच्या आधी सर्व्हिस सेंटरला फोन. काय झालं ते मला नक्की लिहा. आणि सासूबाई आत झोपायला लागल्या का, तेही.